वाचणारीची खुर्ची

आर्लेटा बॉग्ज जेवणाआधी देवाचे आभार मानायची तेव्हा तिचा नवरा ड्यूई एक डोळा किलकिला ठेवायचा. कधीतरी ती ‘आमेन’च्या पुढे ‘पूर्ण’ म्हणेल आणि आपल्याला हसायला मिळेल, ही त्याची आशा. एकोणीस वर्षांत ती तीनदा फळाला आली होती.

दोष तिचा नव्हता, कामाचा होता. क्रॅबट्री फोर्डच्या कॉलेजात, ग्रंथालयाच्या तळघरात, थॅडियस कार्विल यांच्या कागदपत्रांचं ऑफिस होतं. कार्विल याच मुलखातले. अमेरिका देश नवा असताना तिथल्या काँग्रेसमध्ये बसलेले, मग दोनदा व्हर्जिनियाचे गव्हर्नर झालेले. त्यांची पत्रं, भाषणं, टिपणं, जे हाती लागेल ते तारीखवार लावून छापायचं काम सन एकोणीसशे छप्पनपासून चाललं होतं. आठ खंड निघाले होते. नववा शेवटचा, आणि शहात्तर साली येणाऱ्या देशाच्या दोनशेव्या वाढदिवसाच्या आत तो बाहेर पडायलाच हवा होता.

टाइप केलेला मजकूर मूळ पत्राबरहुकूम आहे की नाही, ते दोघींनी मिळून ताडायचं. एकीने मूळ पत्राची छायाप्रत समोर ठेवून मोठ्याने वाचायची. दुसरीने टाइप केलेल्या कागदावर लाकडी पट्टी ठेवून, ती ओळीओळीने खाली सरकवत ऐकायची आणि चूक दिसली की लाल पेन्सिलीने खूण करायची. नुसते शब्द वाचून भागत नसे. मोठं अक्षर आलं की ‘मोठं’, स्वल्पविरामाला ‘स्वल्प’, पूर्णविरामाला ‘पूर्ण’, आणि गव्हर्नरसाहेब दम खायला थांबल्यासारखी जी लांब आडवी रेघ मारत तिला ‘रेघ’. पान संपलं की दोघींनी कोपऱ्यात आद्याक्षरं घालायची. वर वाचणारीची, खाली ऐकणारीची.

आर्लेटा वाचणारी होती. तिचे वडील काउंटी कोर्टात कारकून. शाळा सुटली की ती त्यांच्या टेबलाखाली बसून जमिनींच्या जुन्या दस्तांची पुस्तकं चाळायची. इतर मुली बाहुल्या खेळत त्या वयात तिला दोनशे वर्षांपूर्वीचं वळणदार अक्षर घडाघडा लागायचं. लग्न झालं, दोन मुलं झाली, ती शाळेत जायला लागली आणि प्रोफेसर लॅथम यांनी चर्चच्या पायरीवर विचारलं, “मिसेस बॉग्ज, सकाळचे चार तास मोकळे असतात का?” तेव्हापासून ती त्या खुर्चीत होती. उंच पाठीची, ओकच्या लाकडाची, दिव्याच्या बाजूची खुर्ची. ऐकणारीला साधी घडीची मिळे.

आणि वाचायची कशी, तर सपाट. कणीस सोलावं तसं एकामागून एक. गव्हर्नरसाहेब मुलाच्या मरणाबद्दल लिहोत नाहीतर तंबाखूच्या बियांबद्दल, तिचा आवाज तोच. प्रोफेसर पाहुण्यांना सांगत, “आमच्या आर्लेटाचं वाचन ऐकून कुणाचेही डोळे ओले होत नाहीत. म्हणून तर आमच्या खंडात चुका नसतात.” तिला हे कौतुक वाटायचं, आणि ते होतंही. ऐकणारी मजकुराच्या अर्थामध्ये रमली की तिची पट्टी आपोआप पुढे जाते आणि खुणा राहून जातात.

एक गोष्ट मात्र आर्लेटाने मनात जपून ठेवली होती. गव्हर्नरसाहेबांचं शेवटचं पत्र. ते आजारी पडून रिचमंडला अडकले होते, बायको सूकी घरी होती, तेव्हा लिहिलेलं. त्याची छायाप्रत पहिल्याच वर्षी आली होती आणि खालच्या खणात पडून होती. सगळं तारखेच्या क्रमाने ताडायचं हा ऑफिसचा नियम, म्हणून ते सर्वांत शेवटी. खण उघडायला काही कुलूप नव्हतं. पण ख्रिसमसची भेटवस्तू आदल्या आठवड्यात उघडून बघणाऱ्यांतली आर्लेटा नव्हती. आपण या माणसाला पंचविसाव्या वर्षापासून वाचत आलोय, तर शेवटचा शब्दही आपल्याच तोंडून निघेल, एवढं तिने धरून ठेवलं होतं. ड्यूईला म्हणायची, “ते पत्र वाचलं की मी घरी बसेन. मग रोज तुला गरम नाश्ता.”

“एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या मरणाची वाट बघतोय,” ड्यूई म्हणायचा.

मग कॉरिन मेब्री आली.

ऐकणारी जुनी बाई लेकीकडे फ्लोरिडाला गेली, तिच्या जागी प्रोफेसरांनी दंतवैद्यांची बायको घेतली. चौतीस वर्षांची, रिचमंडमध्ये शिकलेली, झपझप चालणारी. चर्चच्या गायकवर्गातही आली, आणि आल्याच्या तिसऱ्या महिन्यात एकटीने गायचं गाणं तिला मिळालं. आर्लेटा त्या वर्गात दुसऱ्या रांगेत बावीस वर्षं उभी होती. चर्चच्या जेवणात कॉरिनची भरलेली अंडी पहिल्या पाच मिनिटांत संपली. आर्लेटाची मोठ्या वालाची भाजी अर्धी उरली, ती ड्यूईने गुरुवारपर्यंत खाल्ली.

“चांगली झालीय गं,” तो तिसऱ्या दिवशी म्हणाला.

“चांगली होती तर तिथे का नाही संपली?”

“लोकांचं पोट अंड्यांनी भरलं होतं.”

हे बोलायला नको होतं, हे त्याला लगेच कळलं.

फेब्रुवारीत आर्लेटाच्या छातीत कफ धरला आणि ती आठवडाभर घरी राहिली. परत आली तर ओकच्या खुर्चीवर कॉरिनचं निळं स्वेटर अडकवलेलं. प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाले, “आर्लेटा, मिसेस मेब्री फार झरझर वाचतात. आपल्याला वेळ कमी आहे. तुमचा कान तर या ऑफिसात सगळ्यांत चांगला. काही दिवस तुम्ही ऐका.”

“तुम्हाला चालेल ना, मिस आर्लेटा?” कॉरिनने विचारलं. लग्न झालेल्या मोठ्या बायकांनाही इकडे ‘मिस’ म्हणायची रीत, ती तिने लगेच उचलली होती.

“मला काय, कुठेही बसले तरी बूड टेकतंच,” आर्लेटा म्हणाली आणि घडीची खुर्ची ओढली.

काही दिवस म्हणता म्हणता मार्च आला. शेवटचं पत्र मे महिन्यात येणार होतं. आर्लेटा रोज मनात पत्रं मोजायची. चाळीस उरली, छत्तीस उरली, आणि स्वेटर काही खुर्चीवरून हलत नव्हतं.

आणि कॉरिन वाचायची कशी. ‘मोठं’ आणि ‘स्वल्प’ म्हणायची, एकही खूण सोडायची नाही, पण त्यांच्या मधून माणूस ऐकू यायचा. रागाचं पत्र रागाचं वाटायचं. थट्टा असली तर ‘रेघ’ म्हणतानाही तिच्या आवाजात हसू असायचं. वर ग्रंथालयात काम करणाऱ्या पोरी पुस्तकं ठेवायला आल्या की दारात रेंगाळायच्या. आर्लेटाचं वाचन ऐकायला एकोणीस वर्षांत कुणी थांबलं नव्हतं. ती पट्टी सरकवत राही आणि मनात म्हणे, नाटक आहे हे, इथे चालायचं नाही, हिच्या हातून चूक होणार. डोळ्यात तेल घालून ती कॉरिनच्या चुकीची वाट बघत होती.

एप्रिलमध्ये पास्टरांनी हेव्यावर प्रवचन दिलं. आर्लेटाला पटलं. पुढच्या बाकावर बसलेल्या शेजारणीने हे ऐकायला हवं, असंही तिला वाटलं. त्याच संध्याकाळी गुडघे टेकून प्रार्थना करताना घरच्यांची नावं घेऊन झाल्यावर तिच्या मनात आलं, कॉरिनचा घसा बसू दे, फार नको, एक आठवडा. मग लाज वाटून तिने वाक्य मागे घेतलं. पण देवापुढे बोललेलं कुठे खोडता येतं? कॉरिनचा घसा ठणठणीत राहिला, हे देवाचे उपकारच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शेवटच्या पत्राला सहा पत्रं बाकी असताना, प्रोफेसर हातात छापखान्यातून आलेला कागद घेऊन खाली आले. खंडाचा पहिला भाग आधीच जुळणीला गेला होता, त्याची मुद्रितं आली होती.

“मार्चमध्ये ताडलेलं, सूकीला लिहिलेलं पत्र,” ते म्हणाले. “त्यातल्या घोड्याबद्दल टीप लिहायची म्हणून मी छायाप्रत काढली. यात एक अख्खी ओळ गेलीय.”

मूळ पत्रात होतं: घोड्याला नाल मारून घे, हे पत्र पोचेल त्याच दिवशी. हॅनाचा मुलगा तापातून उठला आहे आणि आईला विचारतो. तिला हे सांग, हे पत्र पोचेल त्याच दिवशी.

छापून आलं होतं: घोड्याला नाल मारून घे, हे पत्र पोचेल त्याच दिवशी. पुढे एकदम दुसराच विषय.

कसं झालं ते या ऑफिसात कुणाला समजावून सांगायला नको होतं. दोन वाक्यांचा शेवट सारखा, टाइप करणारीची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारून गेली. आणि अशा ठिकाणी वाचणारीचीही नजर हटकून तीच उडी मारते. म्हणून अख्खी ओळ गळली की दोष वाचणारीचा, हा अलिखित कायदा. प्रोफेसरांनी टाइप केलेल्या पानाचा कोपरा दाखवला. वर कॉरिनची आद्याक्षरं, खाली आर्लेटाची.

“हॅना म्हणजे घरच्या स्वयंपाकघरातली गुलाम बाई, मुलगा गव्हर्नरांबरोबर बाहेरगावी,” प्रोफेसर म्हणाले. “नऊ खंडांत तिचं नाव एवढ्या एकाच ओळीत आहे. मी ती ओळ गाळून पुस्तक काढणार होतो.”

कॉरिनचा चेहरा पडला. “मी उडी मारली असेन,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं मी वाचलं. पण असं वाटण्याला काय अर्थ आहे.”

आर्लेटा लाल पेन्सिलीला टोक काढू लागली.

तिला ती सकाळ लख्ख आठवत होती. कॉरिनने ओळ वाचली होती. ‘आईला विचारतो’ इथे तिचा आवाज इतका खाली आला होता की आर्लेटाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. गुलामाच्या पोराचा निरोप आणि ही बया असा वाचते की जणू स्वतःचंच लेकरू. आपण एकोणीस वर्षांत एकदाही असं का वाचलं नाही? त्या चिडीत तिने मान वर करून कॉरिनकडे बघितलं होतं. पट्टी हातात, नजर कॉरिनच्या तोंडावर. पुन्हा खाली बघितलं तेव्हा पुढची ओळ चालू होती आणि कागदावर सगळं जिथल्या तिथे वाटलं.

प्रोफेसर जाताना म्हणाले, “हा आठवडा खुर्च्या बदला. आर्लेटा, तुम्ही वाचा. शेवटचं पत्रही तुम्हीच. घाईत मीच चूक केली.”

झालं. तीन महिने जे मागितलं ते ताटात वाढून आलं.

स्वेटर खुर्चीवरून निघालं. आर्लेटा बसली आणि तिने वाचायला सुरुवात केली, कणीस सोलल्यासारखं. घडीच्या खुर्चीत कॉरिन मान खाली घालून ऐकत होती. हाताच्या घामाने पट्टी इतकी ओली व्हायची की ती रुमालाने पुसायची. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मिस आर्लेटा, मी रविवारचं गाणं नको म्हणून सांगितलं. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसाच राहिला नाही. गाताना कडवं गाळलं तर?”

“गाण्यात एवढं कोण बघतं,” आर्लेटा म्हणाली.

“तुम्ही बघितलं असतं.”

आर्लेटाने पुढची ओळ वाचायला घेतली.

रविवारी गाणं एका हडकुळ्या मुलीने म्हटलं आणि उंच सुरावर तिचा श्वास संपला. जेवणात कॉरिनने अंडी आणली नव्हती. आर्लेटाचे वाल मात्र चाटूनपुसून संपले. ड्यूई रिकामं भांडं गाडीत ठेवत म्हणाला, “आता तरी खूश?”

“काय म्हणायचंय तुला?”

“काही नाही. तू सकाळपासून गप्प आहेस. जिंकलेली बाई जरा तरी बोलते.”

“जिंकायला काय ती शर्यत होती?”

“मी तेच विचारणार होतो,” ड्यूई म्हणाला आणि गाडी सुरू केली.

बुधवारी सकाळी पाळी होती शेवटच्या पत्राची. त्याआधी एक छोटं काम. गळलेली ओळ टाइप करून छापखान्याला पाठवायची होती, आणि तीही रीतसर ताडूनच जाणार. आर्लेटाने मार्चमधल्या पत्राची छायाप्रत दिव्याखाली घेतली. कॉरिनने चिठ्ठीवर पट्टी ठेवली.

“मोठं हॅनाचा मुलगा तापातून उठला आहे,” आर्लेटा वाचू लागली, “आणि आईला विचारतो पूर्ण मोठं तिला हे सांग...”

तिथे ती थांबली. तिने आपल्याच आवाजात वाचलं होतं, पण कानात आला तो मार्चमधला कॉरिनचा आवाज, तसाच खाली आलेला. कुठल्या तरी स्वयंपाकघरात एक बाई पोराच्या बातमीची वाट बघत चुलीपाशी उभी आहे, कागदावर स्वच्छ लिहिलंय की तिला सांग, आणि निरोप ज्यांच्या हातात त्या बायका खुर्चीसाठी भांडतायत. भांडतायत तरी कसल्या. भांडणारी एकच होती.

“पुढे काय आहे?” कॉरिनने विचारलं. “काही लागत नाहीये का?”

“लागतंय सगळं.” आर्लेटाने भिंग खाली ठेवलं. “तू ही ओळ वाचली होतीस. मार्चमध्ये. मी ऐकली होती.”

“तुम्हाला आठवतंय?”

“शब्द न् शब्द. मला तुझ्या आवाजाचा राग आला होता, म्हणून आठवतंय. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. कागदाकडे नाही.”

कॉरिनने पट्टी चिठ्ठीवरून उचलली. “हे तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं? प्रोफेसर आले तेव्हा?”

“हो.”

“मी आठवडाभर रडतेय, मिस आर्लेटा. नवऱ्याला म्हटलं, चष्म्याचा डॉक्टर बघ.”

“मला माहीत आहे.”

“माहीत होतं तर...” वाक्य तिने तिथेच सोडलं.

आर्लेटा उठली, जिना चढून प्रोफेसरांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्या दिवशी का नाही बोललात?”

“खुर्ची हवी होती.”

“एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्यापासून एक स्वल्पविरामसुद्धा लपवला नव्हता.”

“नव्हता,” ती म्हणाली.

प्रोफेसर म्हणाले, “शेवटचं पत्र मिसेस मेब्री वाचतील. तुम्हाला आज घरी जायचं असेल तर जा. मी दुसऱ्या कुणाला ऐकायला बसवतो.”

आर्लेटाच्या मनात आलं, जावं. ते पत्र दुसरीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा घरी जाऊन ओटा घासलेला बरा. मग तिला लाल पेन्सिल आठवली. “मी ऐकेन,” ती म्हणाली. “या वेळी नीट.”

ती खाली आली तेव्हा कॉरिन अजून घडीच्या खुर्चीतच होती. आर्लेटाने प्रोफेसरांचा निरोप सांगितला. त्या ऑफिसात त्या दिवशी पोचलेला तो पहिला वेळेवरचा निरोप. कॉरिनला वाटलं असतं तर ती म्हणू शकली असती, की असू दे, तुम्हीच वाचा, तुम्ही इतकी वर्षं थांबलात. आर्लेटाने एक क्षण वाट बघितलीही, खोटं कशाला बोला. कॉरिन उठली, ओकच्या खुर्चीत बसली आणि दिवा आपल्या बाजूला वळवून घेतला.

आधी हॅनाची ओळ पुरी केली. मग खालचा खण उघडला.

पत्र दीड पानाचं होतं. अक्षर पार मोडलेलं, ओळी उजवीकडे घसरलेल्या. कॉरिनने खाकरून सुरुवात केली. आर्लेटाने मन घट्ट केलं होतं, की आता हा आवाज खाली येणार, आता भरून येणार, आणि हे सगळं हिचं होणार.

पण कॉरिनने वाचलं ते सपाट. “मोठं माझी मोठं लाडकी मोठं सूकी स्वल्प पाऊस थांबला रेघ डॉक्टर म्हणतात मोठं सोमवारी निघता येईल पूर्ण.” कणीस सोलल्यासारखं. तिचा राग होता म्हणून, की पुन्हा ओळ गळायची भीती म्हणून, की एकोणीस वर्षं इथे हे काम जसं झालं तसंच शेवटाला व्हावं म्हणून, ते तिने सांगितलं नाही आणि आर्लेटाने विचारलं नाही. गव्हर्नरसाहेबांनी घरच्या सफरचंदांची चौकशी केली होती, छतावरची गळती कुठे आहे ते सांगितलं होतं, आणि सोमवारी येतो म्हणून सही केली होती. बस एवढंच. आर्लेटाची पट्टी एकेक ओळ खाली येत गेली. तिने मान एकदाही वर केली नाही. डोळे पुसायचीही सोय नव्हती, दोन्ही हात कामात होते.

“पूर्ण,” कॉरिन म्हणाली. “संपलं.”

“‘सोमवारी’च्या पुढे स्वल्प आहे,” आर्लेटा म्हणाली. “टाइपात आहे. तू म्हणाली नाहीस.”

“मूळ पत्रात नाही.”

“नीट बघ.”

“बघितलंय. तो शाईचा डाग आहे.”

“गव्हर्नरसाहेबांचा स्वल्प डागासारखाच दिसतो. मी एकोणीस वर्षं बघतेय.”

“आणि मी आत्ता बघतेय,” कॉरिन म्हणाली. पण छायाप्रत तिने टेबलाच्या मध्ये सरकवली. आर्लेटाने घडीची खुर्ची पुढे ओढली, भिंग घेतलं, आणि दोघींची डोकी दिव्याखाली टेकली. डागाला बारीक शेपूट होतं की नव्हतं, यावर अर्धा तास गेला. शेवटी स्वल्प राहिला. कॉरिनने मान्य केलं, पण मनापासून नाही.

मग तिने पानाच्या कोपऱ्यात वर आपली आद्याक्षरं घातली आणि पेन्सिल पुढे केली. आर्लेटाने खाली आपली घातली. वरच्या जागेकडे बघून तिला अजूनही टोचलं. तिने पान उलटं करून गठ्ठ्यावर ठेवलं.

दुपारी जेवायला बसल्यावर ड्यूईने एक डोळा किलकिला ठेवला. आर्लेटाने घरच्यांची नावं घेतली, आणि सगळ्यांत शेवटी, घशात अडकलेला काटा काढावा तसं, कॉरिन मेब्रीचंही घेतलं. मग आमेन म्हणाली. ड्यूई थांबून राहिला, पण पुढे ती काही बोलली नाही.